न्न चा म



माझी बहीण गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे इंग्लंडला गेली होती. नातीच्या वर्गातली एक मैत्रीण घरी खेळायला आली. बहिणीनं तिच्या हातात चकल्यांची वाटी ठेवली, नाव विचारलं, आणि आपल्याकडची कुठलीही आजी जो प्रश्न त्यामागोमाग विचारते तोच विचारला : “अर्थ काय गं तुझ्या नावाचा?” मुलीचं नाव इमोजेन. ती गोंधळली. नातीनं इंग्रजीत समजावून सांगितलं तरी गोंधळलीच, कारण नावाला अर्थ असतो असं तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी तिची आई न्यायला आली. तिलाही अर्थ ठाऊक नव्हता. शेक्सपिअरच्या नाटकातलं आहे, कानाला गोड लागलं, म्हणून ठेवलं, एवढंच ती म्हणाली. रात्री बहिणीचा मला फोन. “दादा, तुझं आयुष्य प्रुफं वाचण्यात गेलं. बघ जरा शोधून.”

मी शोधायला बसलो आणि त्यातच गुंतलो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते माझे गुरू. खिळ्यांच्या छापखान्यात चाळीस वर्षं त्यांनी मुद्रितशोधन केलं. मी त्यांच्यासमोर मूळ प्रत घेऊन मोठ्यानं वाचायचो, ते प्रुफावर पेन्सिल फिरवायचे. त्यांचं एक सांगणं होतं : शब्द वाचू नकोस, अक्षर वाच, शब्द वाचलास की फसलास. त्यांच्या नावच्या व्याख्यानासाठी मला दुसरा विषय सुचला नाही, कारण इमोजेन हे नाव बहुधा एका वाचनदोषातून जन्माला आलेलं आहे. कुणीतरी अक्षर न वाचता शब्द वाचला, आणि त्यातून आज जगभरातल्या हजारो बायकामुलींचं नाव झालं.

आधी ते जिथून आलं ते नाटक. ‘सिंबेलीन’ हे शेक्सपिअरच्या उत्तरायुष्यातलं. ब्रिटनच्या राजाची मुलगी वडिलांना न विचारता पॉस्थ्यूमस लिओनेटस नावाच्या गरीब तरुणाशी लग्न करते. राजा जावयाला हद्दपार करतो. रोममध्ये तो बायकोच्या निष्ठेवर पैज लावतो, आणि याकिमो नावाचा इटालियन ती जिंकायला निघतो. सरळ मार्गानं काही साधत नाही, तेव्हा तो एका पेटाऱ्यात बसून तिच्या शयनगृहात शिरतो. मध्यरात्री पेटाऱ्याचं झाकण उघडतं. ती वाचता वाचता झोपलेली आहे, पुस्तकाचं पान दुमडलेलं आहे. तो तिला जागं होऊ देत नाही. खोलीतले पडदे, चित्रं, कोरीवकाम टिपून घेतो, मनगटातलं कंकण अलगद काढतो, डाव्या स्तनाखालचा तीळ बघून ठेवतो आणि पुन्हा पेटाऱ्यात जाऊन बसतो. एवढ्या पुराव्यावर नवरा विश्वास ठेवतो आणि नोकराला तिचा खून करायचा हुकूम पाठवतो. नोकर तो पाळत नाही. ती मुलाच्या वेषात वेल्सच्या डोंगरात भटकते, फिडेली असं नाव घेते. त्या नावाचा अर्थ मात्र स्वच्छ आहे : विश्वासू. शेवटी सगळे भेटतात. तरीही १६२३ मध्ये छापलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांच्या ग्रंथात हे नाटक शोकांतिकांमध्ये टाकलेलं आहे, तेही सर्वांत शेवटी.

मराठी माणसाला ही नायिका फार पूर्वी भेटली. विष्णु मोरेश्वर महाजनींनी १८७९ मध्ये या नाटकाचं रूपांतर केलं, ‘तारा’ या नावानं. बडोद्यात त्याचा प्रयोग हॅरल्ड लिटलडेल या प्राध्यापकानं पाहिला आणि १८८० मध्ये लंडनच्या ‘मॅकमिलन्स मॅगझीन’मध्ये त्यावर लेख लिहिला. महाजनींनी मूळ नाव मराठी तोंडात बसवण्याची खटपटच केली नाही. तारा म्हटलं की अंधारातलं शयनगृह आणि त्यात न विझणारी ती, दोन्ही आपल्याला दिसतात. महाजनींची ही निवड मला फार मोलाची वाटते.

आता १६२३. शेक्सपिअरला जाऊन सात वर्षं झालेली. लंडनमध्ये जगार्डांच्या छापखान्यात त्याची ३६ नाटकं एका जाड ग्रंथात छापली गेली. थोरला विल्यम जगार्ड तोवर आंधळा झाला होता, आणि ग्रंथ पुरा होण्याच्या सुमारास वारलाही. काम मुलानं, आयझॅकनं, तडीस नेलं. या ३६ पैकी १८ नाटकं त्याआधी कधीच छापलेली नव्हती. ‘सिंबेलीन’ त्या १८ मधलं. म्हणजे त्या छापील पानांत काही चूक शिरली असेल तर ताडून पाहायला दुसरी प्रत नाही. आणि त्या पानांवर सर्वत्र छापलेलं आहे : इमोजेन.

पण एक प्रेक्षक होता. सायमन फोरमन, लंडनचा ज्योतिषी आणि वैद्य. नाटकं पाहून आल्यावर कथानक वहीत उतरवायची त्याला सवय होती. त्याची टिपणं आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. १६११ मध्ये तो वारला, म्हणजे हे नाटक त्यानं त्याआधी पाहिलं, ग्रंथ छापला जाण्याच्या किमान बारा वर्षं आधी. पेटारा, कंकण, गुहा, सगळं त्यानं लिहून ठेवलं आहे. आणि नायिकेचं नाव त्यानं लिहिलंय इनोजेन, दोन ‘एन’ घालून. फोरमननं ते कानानं ऐकलेलं होतं, नटाच्या तोंडून. ही टिपणं १८३६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली ती जॉन पेन कॉलिअरनं, आणि हा कॉलिअर पुढे बनावट कागद तयार करण्याबद्दल बदनाम झाला. त्यामुळे फोरमनच्या वहीवरही बरीच वर्षं संशय होता. आता अभ्यासक ती अस्सल मानतात.

एकट्या फोरमनच्या कानावर मी विसंबलो नसतो. पण शेक्सपिअरच्या हाताशी हे नाव आधीपासून होतं. १६०० मध्ये छापलेल्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये पहिल्याच प्रवेशाच्या रंगसूचनेत मेसिनाचा सुभेदार लिओनाटो येतो, त्याच्याबरोबर त्याची बायको इनोजेन. ही बाई संपूर्ण नाटकात एक शब्द बोलत नाही. तिच्याशीही कुणी बोलत नाही. तिच्याच मुलीची भर लग्नात बदनामी होते तेव्हाही आई गप्प. लेखकानं तिला योजली असावी आणि लिहिता लिहिता तो तिला विसरला असावा. १७३३ मध्ये संपादक थिओबाल्डनं तिला काढूनच टाकलं. पण जोडी पाहा : तिथे लिओनाटो आणि इनोजेन, इथे लिओनेटस आणि… इथेही इनोजेनच असणार, हे सांगायला फार विद्वत्ता लागत नाही.

त्याच्याही मागे जायला हवं. मनमथचा जेफ्री नावाच्या धर्मोपदेशकानं ११३६ च्या सुमारास लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहिला. त्यात इतिहास थोडा आणि दंतकथा फार. त्यात ट्रॉयचा वंशज ब्रूटस ग्रीक राजा पँड्रेससचा पराभव करतो आणि त्याची मुलगी मागून घेतो. ती इनोजेन, ब्रिटनची आद्य राणी. हॉलिनशेडच्या बखरीतून, जी शेक्सपिअर सतत चाळायचा, ती त्याच्यापर्यंत आली. जेफ्रीनं या मुलीला जवळजवळ काहीच दिलेलं नाही. एक प्रसंग मात्र दिला आहे. जहाज ग्रीसचा किनारा सोडतं. ती मागच्या उंच डेकवर उभी आहे. आईबाप, गाव, जमीन दूर दूर जाते. जोवर किनारा दिसतो तोवर ती नजर काढत नाही, आणि नवऱ्याच्या हातांत वारंवार मूर्च्छित होते.

आता ‘सिंबेलीन’च्या पहिल्या अंकाकडे या. नवरा जहाजातून हद्दपारीला निघाला आहे. नोकर किनाऱ्यावरून परत येऊन सांगतो, मालक रुमाल हलवत होते. तेव्हा ही मुलगी म्हणते, मी असते तर डोळ्यांच्या शिरा तुटेपर्यंत पाहिलं असतं; तो चिलटाएवढा होऊन हवेत विरेपर्यंत पाहिलं असतं, आणि मगच तोंड फिरवून रडले असते. तिकडे जहाजातली इनोजेन किनाऱ्याकडे पाहते, इकडे मागे राहिलेली इनोजेन मनानं जहाजाकडे. जेफ्रीचा तो एकच प्रसंग शेक्सपिअरनं उलटा फिरवून घेतला, असं मला वाटतं. त्यानं नाव उचललं तेव्हा नावाबरोबर ती समुद्राकडे लागलेली नजरही उचलली. माझ्या लेखी हा इनोजेनच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा आहे, फोरमनच्या वहीहूनही बळकट.

मग ‘न्न’ चा ‘म’ झाला कसा? त्या काळच्या इंग्रजी हस्ताक्षरात ‘आय’, ‘एन’, ‘एम’, ‘यू’ ही अक्षरं एकाच मापाच्या आखूड उभ्या काड्यांनी बनत. ‘एन’ म्हणजे दोन काड्या, ‘एम’ म्हणजे तीन. दोन ‘एन’ शेजारी आले की चार काड्यांचं कुंपण. शाई पसरलेली, लेखणी घाईत, उजेड मेणबत्तीचा. चारच्या तीन व्हायला कितीसा वेळ लागतो? ज्यांनी जुनं मोडी वाचलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या देवनागरीतसुद्धा ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांनी किती प्रुफं नासवली! ‘ख’ चा पाय जोडून घ्यायची वेळ आली ती याच कारणानं, नाहीतर तो ‘र’ आणि ‘व’ असा सुटा वाचला जाई. आणि एका अक्षरानं काय होतं हे आपल्या भाषेइतकं कुणाला ठाऊक आहे? १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं, ही केवळ आख्यायिका असली तरी ‘ध चा मा’ आपल्या बोलण्यात कायमचा बसला. तिथे हेतू होता असं लोक मानतात. इथे हेतू कुणाचाच नव्हता.

यावर एक खरा आक्षेप आहे. चूक एकदा होईल, दोनदा होईल. संपूर्ण नाटकभर इमोजेनच कसं? इथे मला अभ्यासकांपेक्षा छापखान्याचा आधार वाटतो. चार्लटन हिनमननं त्या ग्रंथाच्या पन्नासावर प्रती अक्षर न् अक्षर ताडून १९६३ मध्ये दाखवून दिलं की तो अनेक जुळाऱ्यांनी मिळून जुळवला, आणि प्रत्येकाची स्पेलिंगची खोड निराळी. जुळारी दहा-वीस शब्द डोक्यात घेतो आणि बोटं खिळे उचलत जातात. परकं विशेषनाम पहिल्यांदा आलं की तो थबकतो, काहीतरी ठरवतो, आणि पुढे ते अक्षरांनी वाचतच नाही. ओळखीच्या माणसाचा चेहरा आपण कुठे निरखून बघतो? पहिल्या वेळी चुकलेलं नाव म्हणूनच शेवटपर्यंत एकसारखं चुकतं. ते विखरून येत नाही. मी एका कादंबरीची प्रुफं वाचली होती. मूळ हस्तलिखितातला ‘यादवराव’ साडेतीनशे पानं ‘माधवराव’ झाला होता, एकदाही न चुकता. जुळाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “माधवरावच आहे ना?” ही चूक जगार्डांच्या जुळाऱ्याची असेल, किंवा त्याच्याही आधी नक्कल करून देणाऱ्या लेखनिकाची. दोघांपैकी कुणाचंही बोट असो, चाल तीच.

बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं आहे. इनोजेनचा संबंध गेलिक भाषेतल्या ‘इनीअन’शी जोडतात. त्याचा अर्थ मुलगी, लेक. शिवाय शेक्सपिअरच्या श्रोत्याला या नावात निष्पाप या अर्थाचा ‘इनोसंट’ हा शब्द ऐकू येत असणार, आणि खोटा आळ आलेल्या बाईला याहून नेमकं नाव कुठलं? ‘एम’ आला आणि हा ध्वनी गेला. त्याऐवजी लॅटिन ‘इमागो’चा, प्रतिमेचा आभास आला. नावांच्या पुस्तकांत म्हणूनच कुठे ‘लेक’ सापडतं, कुठे ‘प्रतिमा’. जर्मनीत इमागिना असं जुनं स्त्रीनाम होतंच. इमोजेनच्या बाजूनं बोलणारे तिकडे बोट दाखवतात. मला तो दुवा दुबळा वाटतो.

इंग्रजीत अशी आणखी नावं आहेत. व्हनेसा हे जोनाथन स्विफ्टनं एस्तर व्हॅनम्री या मैत्रिणीच्या आडनावाचा आणि नावाचा तुकडा जोडून घडवलं. सेड्रिक हे वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅनहो’तलं, बहुधा सर्डिक या जुन्या सॅक्सन नावातली अक्षरं इकडची तिकडे होऊन. पण त्यांच्यामागे लेखकाचा हात आहे. इमोजेनमागे एक अनाम कामगार आहे, आणि म्हणून मला ते अधिक आपलं वाटतं.

एकोणिसाव्या शतकात या नायिकेनं इंग्रजांना वेड लावलं. टेनिसन १८९२ मध्ये गेला तेव्हा शेवटच्या दिवसांत त्यानं ‘सिंबेलीन’ मागितलं होतं. ते पुस्तक त्याच्या शवपेटीत ठेवलं गेलं. १८९६ मध्ये लंडनच्या लायसियममध्ये एलन टेरीनं इमोजेन केली. अशा काळात आईबापांनी मुलींची नावं इमोजेन ठेवायला सुरुवात केली. फार नाही, अधूनमधून.

त्यातली एक इमोजेन कनिंगहॅम, अमेरिकेतल्या पोर्टलंडची, जन्म १८८३. विद्यापीठात रसायनशास्त्र शिकली आणि छायाचित्रकार झाली. १९२५ च्या सुमारास तिनं काढलेलं मॅग्नोलियाच्या फुलाचं छायाचित्र पाहा. फुलाच्या पोटात शिरून काढलेलं. पाकळ्या कडेला पसरलेल्या, मध्ये पुंकेसरांची दाटी, एक एक काडी सुटी. त्या चित्रासमोर बसलो की मला माझे गुरू आठवतात. शब्द वाचू नकोस, अक्षर वाच. नव्वदी गाठल्यावर तिनं आपल्याच वयाच्या म्हाताऱ्यांची छायाचित्रं काढायला घेतली. १९७६ मध्ये ती गेली, आणि त्या छायाचित्रांचं पुस्तक तिच्या पश्चात आलं.

दुसरी इमोजेन होल्स्ट. तिच्या घरी तर आपली सावित्रीच होती. वडील गुस्ताव होल्स्ट हे संगीतकार. ऋग्वेदातल्या सूक्तांना संगीत देता यावं म्हणून ते संस्कृत शिकले, आणि भाषांतरंही त्यांनी स्वतःच केली. १९०७ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव इमोजेन. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘सावित्री’ ही संगीतिका लिहिली, तीन पात्रांची : सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. नवऱ्यासाठी मृत्यूशी बोलणारी एक आणि नवऱ्यानंच मृत्यू धाडलेली दुसरी, अशा दोघी एका घरात नांदत होत्या. ही मुलगी पुढे स्वतः संगीतकार झाली, वडिलांचं चरित्र लिहिलं, बेंजामिन ब्रिटनबरोबर बारा वर्षं काम केलं. १९५१ च्या आरंभी ती शांतिनिकेतनात राहिली, तिथे शिकवलं आणि आपल्याकडचं संगीत शिकूनही घेतलं. १९८४ मध्ये ती गेली, आणि तिला ऑल्डबराच्या चर्चच्या आवारात, ब्रिटनच्या कबरीजवळच, पुरलं.

१९८६ मध्ये स्टॅन्ली वेल्स आणि गॅरी टेलर यांनी ऑक्सफर्डची समग्र शेक्सपिअर आवृत्ती काढली आणि नाटकात ‘इनोजेन’ छापलं. पुढे बऱ्याच संपादकांनी त्यांचं ऐकलं, काहींनी ऐकलं नाही. २०१६ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीनं प्रयोग केला त्यात इनोजेन होती, आणि त्याच वर्षी लंडनच्या ग्लोबनं त्याच नाटकाला ‘इमोजेन’ हेच नाव देऊन ते सादर केलं. माझं मत विचाराल तर पुस्तकात इनोजेनच हवी. लेखकानं लिहिलं ते छापायचं, एवढ्यासाठीच आम्ही माणसं जन्मभर डोळे फोडून घेतो. पण मॅग्नोलिया टिपणाऱ्या त्या बाईंच्या किंवा चकली खाणाऱ्या त्या मुलीच्या नावावर पेन्सिल चालवायचा हक्क कुठल्याच मुद्रितशोधकाला नाही.

हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे आपल्या आईसारखंच की रे.”

मला हे सुचलं नव्हतं. आमच्या आईचं नाव सुमन. शाळेत घालताना कुणीतरी रजिस्टरात ते घाईनं लिहिलं, ‘न’ ची गाठ भरली नाही आणि तो ‘त’ दिसू लागला. पुढच्या वर्षी दुसऱ्यानं नक्कल करताना ‘सुमत’ वाचलं, असं नाव असत नाही म्हणून वेलांटी दिली, आणि आई सुमती झाली. दाखला सुमती, पदविका सुमती, नोकरी सुमती. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मी या धंद्यात पडल्यावर एकदा म्हटलं, गॅझेटात देऊन टाकू, नाव दुरुस्त होईल. ती भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, “तीस वर्षं पोरांनी सुमतीबाई म्हणून हाक मारलीय. आता त्यांना काय सांगू, ती मी नव्हे?”

आई गेली त्याच्या दहाव्याला घाटावर भटजींनी नाव विचारलं. मामा म्हणाले, “सुमन.” मागे तिचे विद्यार्थी उभे होते, काही साठीला आलेले. त्यांतला एकजण हळूच म्हणाला, “गुरुजी, सुमतीबाई.” भटजींनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलता येईना. ते क्षणभर थांबले आणि त्यांनी दोन्ही नावं घेतली.